पॅनल चालू करण्याआधी अर्थिंग मोजून घ्या: हळद युनिटचं उदाहरण



व्हिडिओमध्ये पॅनल आणि अर्थिंगचा भाग मी दहा मिनिटांत आटोपला होता. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न एकच आला: "हे वायरमनचं काम आहे, मालकाने कशाला शिकायचं?" म्हणून हा धडा सविस्तर लिहितोय. पाना-पकड तुमच्या हातात देण्यासाठी हे लिहीत नाही. तुम्ही ज्या कामाचे पैसे देणार, ते काम झालंय की नाही हे तुम्हाला ओळखता यावं, एवढ्यासाठी लिहितोय. वायरमन काम संपवून पुढच्या साइटवर जातो. त्या पॅनलजवळ रोज तुमचे कामगार उभे राहतात, आणि छोट्या युनिटमध्ये कामगार म्हणजे बहुतेक वेळा घरचीच माणसं.

उदाहरण म्हणून हिंगोली जिल्ह्यातलं शिरड शहापूर घेऊ. औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव, वसमतची बाजारपेठ जवळ आणि आसपास हळदीची शेती. समजा इथे कोणाला हळद पॉलिश आणि पावडरचं छोटं युनिट टाकायचं आहे. पॉलिशचा ड्रम, पल्व्हरायझर, चाळणी, एक पाण्याची मोटर, दिवे-पंखे, आणि लाइट गेली की चालवायला जनरेटर. थ्री फेज कनेक्शन आणि त्यासाठी एक पॅनल. हळद शिजवायची जागा शेजारीच, म्हणजे हंगामात जमीन ओली, हात ओले. तुमचं युनिट डाळीचं असो, पिठाच्या गिरणीचं असो की तेलघाण्याचं, हिशोब हाच राहतो.

"अर्थिंग चांगलं आहे, फ्यूज उडेलच" हा गैरसमज

आपल्याकडे खेड्यातलं साधारण चित्र असं असतं. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. अर्थिंगची वायर येत नाही. ती तुम्हीच तुमच्या जागेत खड्डा करून तयार करायची. आता मोटरच्या आत वायरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज बॉडीला लागला, तर करंटचा रस्ता कसा असेल? फेज, मोटरची बॉडी, तुमची अर्थिंगची वायर, तुमचा खड्डा, मग जमीन, मग डीपीचा न्यूट्रल जिथे जमिनीत गाडलाय तो खड्डा, आणि परत ट्रान्सफॉर्मर.

या रस्त्यात दोन खड्डे आले. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध ४ ओहम आहे. हे आपल्याकडे बऱ्यापैकी चांगलं अर्थिंग मानतात. डीपीकडचा २ ओहम धरू. एकूण ६. व्होल्टेज २३०. भागाकार केला तर सुमारे ३८ अँपिअर करंट वाहील.

तुमच्या पॅनलमध्ये ३२ अँपिअरचा 'सी' प्रकारचा एमसीबी आहे असं धरा. तो झटक्यात पडायला त्याच्या क्षमतेच्या पाच ते दहा पट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर करंट लागतो. ३८ अँपिअर त्याला जेमतेम ओव्हरलोड वाटतो. मानकाप्रमाणे १.१३ पट करंटला, म्हणजे ३६ अँपिअरला, तो तासभर पडता कामा नये. आणि १.४५ पटीला, म्हणजे ४६ अँपिअरला, तो तासाभराच्या आत पडायलाच हवा. आपले ३८ या दोन्हींच्या मधले. म्हणजे तो तासभरातही पडेल याची खात्री नाही.

तेवढा वेळ मोटरच्या बॉडीवर किती व्होल्टेज? ३८ गुणिले ४, म्हणजे १५० व्होल्टच्या वर. आणि अर्थिंगची वायर सगळ्या बॉडीज एकमेकींना जोडते, त्यामुळे पॅनलच्या दारावर, चाळणीवर, पाण्याच्या मोटरवर, सगळीकडे तेच व्होल्टेज. ओल्या हातापायांनी शरीराचा रोध साधारण हजार-दीड हजार ओहमवर येतो. म्हणजे १०० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त करंट अंगातून जाऊ शकतो. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा करंट थोडा वेळ जरी छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो.

हा हिशोब वहीत एकदा स्वतः करून बघा. चांगलं म्हणून दाखवलेलं ४ ओहमचं अर्थिंग होतं, नवीन एमसीबी होता, तरी माणूस वाचेलच असं नाही.

यावर उपाय आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती बघते. फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाला की क्षणात सप्लाय तोडते. ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल, तर बॉडीवर ५० व्होल्ट चढायच्या आत ती पडायला १६६ ओहमपर्यंतचं अर्थिंगही हिशोबाने पुरतं. याचा अर्थ अर्थिंग कसंही करा असा नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. तीस-चाळीस अँपिअरने न होणारं काम ०.३ अँपिअरने होतं, एवढं लक्षात घ्या.

मेन पॅनलवर चार पोलची ३०० किंवा १०० मिलिअँपिअरची घ्या. सॉकेट, हातात धरायची यंत्रं आणि पाण्याजवळचे पॉइंट यांच्यासाठी वेगळी ३० मिलिअँपिअरची घ्या. आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही. तिच्या आधी एमसीबी किंवा एमसीसीबी हवाच.

"सर, ती सारखी पडते म्हणून वायरमनने डायरेक्ट केली." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लीकेज शोधलं का? बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक निघतं. एखाद्या मोटरचं इन्सुलेशन खरंच गेलेलं असतं, किंवा आरसीसीबीच्या पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असतात. दोन्ही दुरुस्त होतात.

न्यूट्रलला अर्थ जोडण्याचा शॉर्टकट

खड्डा नीट लागला नाही की काही जण पॅनलमध्येच न्यूट्रल बारला अर्थ बार जोडून देतात. टेस्ट लॅम्प झकास पेटतो आणि सगळे खूश. आता लाइनवरचा न्यूट्रल तुटला, जे वारा-वादळात आपल्याकडे काही नवीन नाही, तर तुमच्या दिव्या-पंख्यांतून आलेला करंट परत जायला अर्थ बारकडे येणार, आणि सगळ्या मशीनच्या बॉडीवर व्होल्टेज चढणार. मशीन बिघडलेलं नसताना. तेव्हा हे करू देऊ नका. आणि फेज व अर्थवर मोटर किंवा दिवा चालवायचा प्रकारही युनिटमध्ये नको.

टेस्ट लॅम्पचं आलंच आहे तर तेही बघू. १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून "बघा, पेटला, अर्थिंग ओके" असं दाखवतात. हा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. खड्ड्याचा रोध ५० ओहम असला, म्हणजे अर्थिंग अगदी टाकाऊ असलं, तरी त्यात फक्त २० व्होल्टच्या आसपास जातात आणि बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. म्हणजे या परीक्षेतून काहीच कळत नाही. शिवाय ती करताना अर्थिंगला मुद्दाम करंट सोडलेला असतो.

काळ्या जमिनीत खड्डा

आपली काळी जमीन पावसाळ्यात अर्थिंगसाठी उत्तम. ओल धरते, रोध कमी दाखवते. पण चैत्र-वैशाखात तीच जमीन आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइपच्या भोवतीची माती पाइप सोडून मागे सरकते. श्रावणात घेतलेला आकडा मे महिन्यात लागू राहत नाही. हळदीचं शिजवणं, वाळवणं, पॉलिश या कामांचा जोर नेमका उन्हाळ्याच्या तोंडाशी असतो, म्हणजे युनिट जेव्हा पूर्ण लोडवर, तेव्हा अर्थिंग सगळ्यात कमजोर.

भारतीय मानक ब्युरोचं आयएस ३०४३ हे अर्थिंगचं मानक. त्यातले कामाचे आकडे सांगतो. जीआय पाइप इलेक्ट्रोड घेतला तर आतला व्यास किमान ३८ मिलिमीटर आणि लांबी किमान अडीच मीटर. जीआय प्लेट घेतली तर ६० बाय ६० सेंटिमीटर, जाडी ६.३ मिलिमीटर. खड्डा इमारतीपासून किमान दीड मीटर लांब. दोन खड्ड्यांतलं अंतर इलेक्ट्रोडच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे अडीच मीटरच्या पाइपसाठी पाच मीटर. दोन खड्डे जवळजवळ घेतले तर पैसे दोन खड्ड्यांचे जातात, फायदा जेमतेम एकाचा.

कोळसा-मीठ ही जुनी पद्धत चालते, पण मीठ पाण्याबरोबर वाहून जातं आणि जीआय लवकर गंजवतं. बेंटोनाइटसारखी भर ओल जास्त दिवस धरते. मात्र कोणतीही पावडर टाकली तरी कोरड्या उन्हाळ्यात पाणी घालावंच लागतं, तेव्हा नरसाळं आणि वर झाकण असलेलं चेंबर हवं. खाली मुरूम किंवा काळा पाषाण लवकर लागला आणि पाइप पूर्ण गेला नाही, तर तो वरून कापून टाकायचा नाही. अशा जागी जास्त इलेक्ट्रोड लांब लांब घेऊन एकमेकांना जोडावे लागतात. पाइप कापला की नाही हे नंतर कोणालाच दिसत नाही, म्हणून गाडायच्या आधी पाइपला टेप लावून फोटो काढून ठेवा. माझ्या मते संपूर्ण कामातला सगळ्यात उपयोगी फोटो हाच.

पॅनलच्या आत काय बघायचं

पॅनलमध्ये न्यूट्रलचा बार वेगळा आणि अर्थचा बार वेगळा. अर्थ बारपासून प्रत्येक मशीनला स्वतःची वायर. एका मोटरवरून दुसरीला, दुसरीवरून तिसरीला अशी माळ नको. मधली मोटर रिवाइंडिंगला काढली की पुढच्या सगळ्या उघड्या पडतात. मोटरच्या बॉडीला आणि पॅनलच्या बॉडीला दोन वेगवेगळी अर्थ कनेक्शन्स लागतात. सुरक्षेच्या नियमांतच तसं आहे.

वायरची जाडी सोपी आहे. फेजची वायर १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थची तेवढीच. १६ ते ३५ च्या मध्ये असेल तर अर्थची १६. त्याच्या वर गेलं तर फेजच्या निम्मी. हे दोन्ही वायर एकाच धातूच्या असताना.

पॅनलचं दार उघडून बघा. दारावर इंडिकेटर, पुश बटण, मीटर असतात, म्हणजे दारातही करंट आहे. बिजागरीवर भरवसा ठेवू नका, दाराला वेगळी लवचिक अर्थ वायर हवी. ही हमखास राहून जाते. दुसरी गोष्ट रंग. पावडर कोटिंगवर नट आवळला तर वायर घट्ट दिसते, पण धातूला लागलेलीच नसते. बोल्टखालचा रंग खरवडलेला किंवा दातेरी वॉशर लावलेला असायला हवा. वायरच्या टोकाला लग क्रिंप केलेला हवा, नुसता पीळ चालणार नाही.

आणि पॅनल पल्व्हरायझरच्या खोलीत नको. हळदीची बारीक पूड आत जाऊन बसते. ओल धरली की तीच लीकेजचा रस्ता होते.

काम करताना जीव सांभाळण्याचा क्रम

आधी हद्द समजून घ्या. मीटर, त्याचं सील आणि त्याच्या मागची लाइन महावितरणची. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर करंट असतोच, हे अनेकांना माहीत नसतं. तिथे काम असेल तर महावितरणकडून सप्लाय बंद करून घ्या. डीपीवर जाऊन स्वतः फ्यूज काढणं, किंवा गावातल्या हुशार पोराकडून काढून घेणं, अजिबात नको.

तुमच्या बाजूला क्रम असा. मेन स्विच बंद. त्याला टाळं, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. जनरेटर बंद आणि त्याची बॅटरीची वायर काढलेली. सोलर किंवा इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. जनरेटरसाठी चेंजओव्हर स्विच नसेल तर आधी तो बसवा. नाहीतर तुमचा जनरेटर लाइनवर उलटा करंट सोडेल आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरेल.

मग तपासणी. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो चालतोय हे बघायचं, मग बंद केलेल्या बारवर प्रत्येक फेज ते फेज, फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, आणि शेवटी पुन्हा चालू पॉइंटवर. टेस्टर मधेच बिघडला तर करंट असूनही शून्य दाखवतो, म्हणून हा शेवटचा फेरा. खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टाकू नका. पॅनलमध्ये कपॅसिटर असेल तर बंद झाल्यावरही त्यात चार्ज राहतो. थोडा वेळ थांबून तो डिस्चार्ज करायचा आणि पुन्हा मोजायचं.

कुठूनतरी उलटा करंट येण्याची शक्यता असेल तर बारला तात्पुरतं अर्थिंग लावतात. त्याचा क्रम पाठ असलेला वायरमनच घ्या: क्लँप आधी अर्थ बारला, मग फेजना. काढताना उलट, आधी फेजचे, शेवटी अर्थचा. किती क्लँप लावले ते पॅनलवर लिहायचं आणि चालू करण्याआधी तेवढे मोजून बाहेर काढायचे. एक क्लँप आत राहिला आणि मेन टाकला, तर स्विच हातात फुटू शकतो.

तुमच्यासमोर करून घ्यायच्या चार चाचण्या

पहिली सलगता. प्रत्येक मशीनच्या बॉडीपासून अर्थ बारपर्यंत रोध मोजायचा. एक ओहमच्या बराच खाली यायला हवा. रंगावरचा नट इथेच पकडला जातो.

दुसरी इन्सुलेशनची, म्हणजे मेगर. ५०० व्होल्ट डीसीचा मेगर, प्रत्येक फेज आणि अर्थमध्ये एक मिनिट. किमान १ मेगाओहम हवा, नव्या कामात कितीतरी जास्त येतो. तात्पुरतं अर्थिंग याआधी काढलेलं असावं, नाहीतर रीडिंग शून्य येईल. इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, डिजिटल मीटर यांच्या वायरी आधी सोडवायच्या, ते मेगरने जळतात.

तिसरी खड्ड्याची. याला अर्थ टेस्टर लागतो, मल्टिमीटर चालत नाही. मेन आणि जनरेटर दोन्ही बंद व टाळं लावलेले असतानाच खड्ड्याची लिंक सोडायची. चालू युनिटची लिंक सोडली तर सगळं लीकेज त्या दोन टोकांच्या मध्ये उभं राहतं आणि ती टोकं वायरमनच्या हातात असतात. मग खड्ड्यापासून सरळ रेषेत ३० मीटरवर एक खुंटी, आणि मधली खुंटी साधारण साडेअठरा मीटरवर. रीडिंग घ्या. मधली खुंटी तीन मीटर पुढे आणि तीन मीटर मागे सरकवून आणखी दोन घ्या. तिन्ही जवळपास सारखी आली तर आकडा खरा. फार फरक पडला तर लांबची खुंटी आणखी लांब न्यावी लागते. दोन-तीन मीटरवर खुंट्या ठोकून, एक रीडिंग घेऊन "दोन ओहम" सांगणारा माणूस तुमची फसवणूक करतोय, मग त्याच्या मनात असो वा नसो. प्रत्येक खड्डा वेगळा मोजा. छोट्या युनिटसाठी ५ ओहमच्या आत ठेवा, आणि लिंक परत आवळल्याशिवाय मेन टाकू नका.

चौथी आरसीसीबीची. तिचं टेस्ट बटण दाबलं की ती पडायला हवी. पण बटण फक्त यंत्रणा तपासतं, तुमचं अर्थिंग तपासत नाही. म्हणून आरसीसीबी टेस्टर असलेला ठेकेदार मिळाला तर किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडली हेही लिहून घ्या.

कोटेशन आणि पैसे

"अर्थिंगसहित वायरिंग, एकरकमी" असं कोटेशन स्वीकारू नका. इलेक्ट्रोडचा प्रकार, लांबी, संख्या, अर्थ पट्टीची साइज, आरसीसीबीची संख्या व रेटिंग आणि चाचणी अहवाल, प्रत्येकाची वेगळी ओळ मागा. तीन कोटेशन्स घ्या. ओळी वेगळ्या असल्या की स्वस्त कोटेशन कशामुळे स्वस्त आहे ते लगेच दिसतं. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. परवान्याची प्रत आणि अहवालावर सही-शिक्का घ्या. शेवटचा हप्ता चाचणी अहवालाशी बांधा आणि हे काम सुरू करतानाच लेखी ठरवा, नंतर वाद नको.

पीएमएफएमई योजनेतून कर्ज घेणार असाल, तर तिथे पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. प्रकल्प अहवालात विद्युतीकरणाचा खर्च दाखवताना हे सगळं आधीच धरा. बरेच जण मशीनचे कोटेशन जोडतात आणि पॅनल-अर्थिंग "नंतर बघू" म्हणतात. नंतर ते खेळत्या भांडवलातून जातं, आणि हंगामात ओली हळद घ्यायला पैसे कमी पडतात. मग कात्री पहिल्यांदा कुठे लागते ते तुम्हाला माहीत आहे.

अहवाल प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा. दर मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, खड्डे पुन्हा मोजून त्याखाली तारीख आणि आकडा लिहा. आरसीसीबीचं बटण महिन्यातून एकदा. पौर्णिमा, पगाराचा दिवस, जे लक्षात राहील ते धरा.

पुढच्या धड्यात याच युनिटच्या पॉलिश ड्रमसाठी मोटर आणि स्टार्टर कसा निवडायचा ते बघू. तोपर्यंत कोणाकडे आलेलं वायरिंगचं कोटेशन असेल, तर ठेकेदाराचं नाव आणि नंबर झाकून फोटो पाठवा. दोन-तीन कोटेशन्स घेऊन ओळीओळीने कशी वाचायची, त्यावर एक छोटा व्हिडिओ करतो.